वणव्यासाठी गावाला माघातच बोलवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर बातमी होती. यंदा जंगलाला आग लावणाऱ्यांवर थेट गुन्हे दाखल होणार, गावोगावी दवंडी देणार, ग्रामस्थांनी सहकार्य करावे. मी वनविभागात ३३ वर्षे नोकरी केली, आधी वनरक्षक आणि शेवटची नऊ वर्षे वनपाल. सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातच झाली. अशा दवंड्या मी स्वतः दिलेल्या आहेत. बातमीतले काही खोटे नाही. आग लावणे गुन्हा आहे, आणि आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागतो. पण अख्ख्या बातमीत गाव दोनदाच येते, एकदा आरोपी म्हणून आणि एकदा मदतनीस म्हणून. माझा अनुभव वेगळे सांगतो. पत्र लांबले आहे, तरी शक्य असल्यास पूर्ण छापावे.

आमच्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ७० टक्के भाग जंगल. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह. होळीपर्यंत पानगळ होते आणि घोट्यापर्यंत पाला साचतो. इथली आग शेंड्यांवरून उड्या मारत नाही, पाल्यातून सरपटत जाते. मोठी झाडे काळी होऊन उभी राहतात, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला फार काही गेले असे वाटत नाही. जातात ती वीतभर उंचीची रोपे, चारोळीची, आवळ्याची, बिजाची. रानकोंबडीची, तितराची अंडी जातात. कासव पळू शकत नाही, ते जागीच भाजते. चार-पाच उन्हाळे लागोपाठ आग फिरली की त्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यात, म्हातारी झाडे दिसतात आणि त्यांच्याखाली पोरे दिसत नाहीत. मी असे कक्ष दाखवू शकतो.

आता आग कळते कशी ते सांगतो. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे मोबाइलवर संदेश येतो. ही सोय फार मोलाची आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला डोंगरापलीकडची आग दुसऱ्या दिवशी कळायची. पण उपग्रह आपल्या वेळेला वरून जातो, मग संदेश निघतो, आणि आमच्या कित्येक बीटांत (एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलांत) मोबाइलला रेंज नसते. त्या संदेशातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटर लांब-रुंद चौकोन, सुमारे १४ हेक्टर. त्या १४ हेक्टरांत आग नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, वर चढते आहे की खाली उतरते आहे, हे ज्याला त्या क्षणी ठाऊक असते तो म्हणजे गुरे घेऊन गेलेला गुराखी. माझ्या बीटात १,२०० हेक्टर जंगल होते आणि मी एकटा. आगीपाशी माझ्या आधी कोण पोचत होते हे वेगळे सांगायला नको.

माझ्या हातून झालेली चूक आधी लिहितो. नोकरीची पाच-सहा वर्षे झाली असतील. मार्च महिना, मोह गळायला सुरुवात झालेली. मोहफूल पहाटे गळते, आणि वाळलेल्या पाल्यात पडलेले ते पिवळट फूल दिसत नाही. म्हणून झाडाखालची जमीन साफ करावी लागते. जुनी रीत अशी की खराट्याने पाला मधोमध ओढायचा, भोवती दोन हात जमीन उघडी करायची, सांजेला वारा पडल्यावर ढीग पेटवायचा आणि विझेपर्यंत बसून राहायचे. घाई असली की भोवतालची झाडलोट राहते, आणि वणवा तिथून सुटतो. त्या दिवशी एका टोल्यावरच्या (छोट्या वस्तीवरच्या) बाईचे झाड धुमसताना मी पाहिले. आग झाडाखालीच होती, बाहेर एक पानही पेटले नव्हते. बाई पाण्याची घागर घेऊन शेजारी बसली होती. मी पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडला. ती म्हणाली, ‘माझा मोह मीच जाळीन का, गार्डसाहेब?’ मी ऐकून घेतले नाही. त्या एका कागदापायी तिला तालुक्याच्या कोर्टात किती खेपा घालाव्या लागल्या ते मला नंतर कळले. एसटी दिवसाला एक, आणि खेपेला दोन दिवसांची मजुरी बुडे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच टोल्याच्या मागच्या डोंगरावर आग लागली. आदल्या वर्षापर्यंत मी हाक दिली की दहा-पंधरा माणसे धावत येत. त्या रात्री कुणी आले नाही. दारे लावलेली होती, आत चुली पेटलेल्या दिसत होत्या. शेजारच्या बीटातला एक वनरक्षक आणि मी, आम्ही दोघे सकाळपर्यंत डहाळ्या मारत राहिलो. दोन कक्ष जळाले. माझ्या त्या कागदाने एका माणसाला वचक बसला असेल, पण जंगलाचे वीस-तीस हात गेले.

आजच्या उत्तराखंडमधल्या कुमाऊंच्या डोंगरात १९२१ साली हेच फार मोठ्या प्रमाणावर झाले होते. सरकारने जंगले राखीव केली, लोकांचे चराईचे, लाकूडफाट्याचे हक्क आवळले आणि लोकांनी रागाने चीड वृक्षांची (पाइनची) जंगले पेटवली. त्यानंतर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. माणसाचा हक्क काढून घेतला की तो राखण सोडतो, हे इंग्रजांना तेव्हा कळले. आम्हाला प्रशिक्षणात याबद्दल कुणी अवाक्षर सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट धानोरा तालुक्यातली. रात्री साडेआठला आग दिसली, डोंगराच्या अर्ध्यावर, लांब लाल माळेसारखी. माझ्यासोबत गावातले अकरा जण होते. मला वाटत होते की आगीच्या वरच्या अंगाला, उतारावरच, माणसे उभी करावी आणि ती वर यायच्या आत झोडपून काढावी. आमच्यात एक म्हातारा होता, गावचा भूमिया, म्हणजे गावदेवाचा पुजारी. मला कामापुरती गोंडी येते. तो मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, चढत्या आगीच्या तोंडाशी माणूस उभा करू नको. ती वर चढताना धावते, माथा ओलांडला की तिचे पाय दमतात. आपण पलीकडे जाऊ. आम्ही लांबच्या वाटेने वळसा घालून माथ्यावर गेलो. माथ्याच्या पलीकडच्या अंगाला त्याने पायाने रेघ मारून दाखवली, इथून त्या ऐनापर्यंत आणि ऐनापासून खडकापर्यंत. त्या रेघेवर आम्ही बारा जणांनी खराट्यांनी आणि फांद्यांनी पाला ओढून चार हात रुंद पट्टा उघडा केला. नाल्याकाठच्या जांभळाच्या हिरव्या डहाळ्या तोडून जवळ ठेवल्या. मग त्याने पट्ट्याच्या आगीकडच्या बाजूला पाला थोडा थोडा पेटवायला सांगितला, म्हणजे खालून येणाऱ्या आगीला खायला काही उरणार नाही. पावणेदोनच्या सुमारास दोन्ही आगी भेटल्या. मोठा आवाज झाला, ठिणग्या उंच उडाल्या आणि मग एकदम अंधार पडला. पट्ट्यापलीकडे पडलेल्या ठिणग्या आम्ही डहाळ्यांनी मारल्या.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वनखात्याच्या पथकातले चौघे जागीच गेले. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या म्हाताऱ्याने धरलेला हात आठवला. मी माझा हट्ट चालवला असता तर आमच्यातली किती माणसे परत आली असती, कोण जाणे. त्याचे ते ज्ञान कोणत्याही आग आराखड्यात लिहिलेले नव्हते. आजही नाही. तो आता हयात नाही.

धानोऱ्यातल्या त्या आगीच्याच उन्हाळ्यात एका तरुणाचा तळपाय भाजला. आग विझवताना त्याच्या पायात रबरी चप्पल होती. तापलेल्या राखेवर पाय पडला, चप्पल वितळून कातडीला चिकटली, आणि ओढून काढताना कातडीही निघाली. विमा नव्हता, नुकसानभरपाई मिळाली नाही. आम्ही चार कर्मचाऱ्यांनी पैसे जमवून मलम आणि पट्ट्या आणल्या. धानाचे परे भरायच्या (रोवणीच्या) वेळेपर्यंत त्याला चिखलात पाय टाकता आला नाही. त्या हंगामात ज्यांनी आगीवर रोजंदारी केली त्यांची मजुरी दिवाळीच्या तोंडावर मिळाली. माणूस स्वतःच्या जंगलासाठी एकदा फुकट येतो, दोनदा येतो. दरवर्षी त्याने जीव धोक्यात घालावा आणि मजुरीसाठी आठ महिने कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्यात, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने धरायची?

कायद्यात काय आहे तेही लिहितो, कारण लोकांना अर्धेच सांगितले जाते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे, जंगलात हक्क असणाऱ्या माणसाने आगीची खबर दिली पाहिजे आणि विझवायला मदत केली पाहिजे. न दिल्यास शिक्षा आहे. दवंडीत सांगतात ते हे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) आणि कलम ५ मध्ये मात्र आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आणि अधिकार ग्रामसभेला दिला आहे, हे दवंडीत येत नाही. म्हणजे आग लागल्यावर धावायचे कर्तव्य जवळजवळ शंभर वर्षे जुने आहे, आणि आग लागू नये म्हणून काय करायचे ते ठरवण्याचा अधिकार वीस वर्षांपूर्वीच आला. तरीही दोन्हींची गाठ कुणी घातलेली नाही. केंद्राचा २०१८ चा राष्ट्रीय वणवा कृती आराखडाही लोकसहभागाविषयी बोलतो. कागदावर विरोध कुणाचाच नाही.

आमचाच जिल्हा यात देशाच्या पुढे होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने त्या ग्रामसभेच्या हाती आले. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असा हक्क आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टर मिळाले, आणि त्या गावाने बिडीसाठीची तेंदूपाने तोडायचेच बंद केले. तेंदूसाठी झुडपे छाटली जातात आणि जंगलाला आग लावली जाते, त्यापेक्षा बांबूवर भागवू, असे त्यांनी ठरवले. तेंदूचा हंगाम म्हणजे गरीब घरात वर्षातून एकदा येणारा रोख पैसा. तो एखादे गाव स्वतःहून सोडते, आणि आपण त्याच गावांना दवंडीने धाक घालतो.

सगळी गावे पाचगाव होणार नाहीत, आणि व्हावीत असेही मी म्हणत नाही. तेंदूवर पोट असणारी घरे मला ठाऊक आहेत. आग लावली की तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटतात, हे खरे. पण तेच काम खुटकटाईनेही होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटली की फुटवा चांगला येतो. खुटकटाईला मजुरी लागते, आगीला एक काडीपेटी पुरते. वाद इतकाच आहे. पूर्वी ठेकेदाराचा माणूस पोरांच्या हातावर शे-दोनशे टेकवून निघून जायचा आणि पीओआर पोरांच्या नावावर फाटायचा. आता ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात त्यांना करारातच अट घालता येते. खुटकटाईची मजुरी खरेदीदाराने आधी भरावी, आणि आपल्या हद्दीत तेंदूसाठी आग लागल्याचे ग्रामसभेने ठरवले तर अनामत जप्त. काही ग्रामसभांनी असे ठराव केलेले मी पाहिले आहेत. ही अट सगळ्या ग्रामसभांच्या करारांत यावी यासाठी कार्यालयाने फक्त एक चांगला नमुना मराठीत आणि गोंडीत छापून द्यावा.

निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही एक काम केले. माघ पौर्णिमेच्या आसपास, धानाची मळणी उरकलेली आणि माणसे घरी असलेली. गोटूलच्या, म्हणजे गावाच्या एकत्र बसायच्या घराच्या, अंगणात राखेने गावाच्या हद्दीचा नकाशा काढला. नाले, डोंगर, बोड्या (छोटी तळी), बाजाराची पायवाट. मग बायांना सांगितले, तुमची मोहाची झाडे दाखवा. त्यांनी टोळीची, म्हणजे मोहाच्या फळाची, बी आणली आणि एकेक झाडाच्या जागी एकेक बी ठेवली. दीडशेच्या वर झाडे भरली, प्रत्येक झाडाला घर, प्रत्येक घराला नाव. पुरुषांनी खडे ठेवून दाखवले की गेल्या दहा वर्षांत आग कुठून कुठून आली. सतरापैकी नऊ खडे आठवडी बाजाराच्या पायवाटेवर होते, जिथे माणसे बसून बिडी ओढतात. चार शेताच्या धुऱ्यांशी होते. दोन एका पारधीच्या, म्हणजे शिकारीच्या, जागी होते, आणि ते दोन कुणी लावले हे सगळ्यांना ठाऊक होते. आमच्या विभागाची जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) मात्र जुन्या नकाशाप्रमाणे डोंगराच्या त्या अंगाला होती, जिकडून आग कधी आलीच नव्हती. दरवर्षी तीच जाळली जाई आणि तिच्याच खर्चाचे कागद होत.

त्या दिवशी गावाने ठरवले की पायवाटेच्या दोन्ही बाजूंचा पाला बाजाराच्या आदल्या दिवशी पाळीपाळीने झाडायचा. मोहाखाली जाळायचे असेल तर शेजारच्या घराला सांगून, सांजेला, आणि झाडाला दोन माणसे बसून. जमेल त्या घराने फुले झेलायला झाडाखाली हिरवी जाळी बांधायची, म्हणजे जाळायचेच नाही. जाळीवरच्या फुलाला राख-माती लागत नाही, व्यापारी भाव बरा देतो. जाळीचे पैसे पहिल्या वर्षी गावाच्या बांबूविक्रीच्या रकमेतून गेले. पारध करणाऱ्या दोघांचे काय झाले ते मी विचारले नाही, गावाने त्यांच्याशी बोलणे केले. पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्या हद्दीत एकदाच आग शिरली, शेजारच्या गावाकडून. तासाभरात विझली, कारण पायवाटेचा पट्टा झाडलेला होता.

मी हे एका गावाचे सांगतो आहे, मला माहीत आहे. शेजारच्याच गावात भांडणे होती, तिथे बैठकीला सात माणसे आली आणि काही झाले नाही. जिथे वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे पडून आहे तिथेही लोक पुढे येत नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. वनरक्षकाचेही हाल आहेत. एकट्याला तीस-चाळीस किलोमीटर फिरून अहवाल भरायचा असतो, तो तरी कुणाकुणाला बोलावणार? पण म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे की गावाशी बोलणे आगीच्या दिवशी ठेवू नका. तेव्हा फक्त ओरडणे होते. बोलणे माघात करा. ग्रामसभेला आपल्या जंगलाचा आग नकाशा करू द्या आणि जाळरेषा त्याप्रमाणे आखा. आगीचे पैसे जानेवारीतच ग्रामसभेच्या खात्यात जाऊ द्या, हिशेब ग्रामसभेकडून घ्या. उपग्रहाचा संदेश वनरक्षकाला जातो तसा ग्रामसभेने नेमलेल्या दोन पोरा-पोरींच्या फोनवरही जाऊ द्या. विझवायला जाणाऱ्या प्रत्येकाचा विमा उतरवा आणि पायात चामड्याचे बूट द्या. बूट आधी, बाकीचे नंतर, असे मी म्हणेन.

आणि मोहाखाली घागर घेऊन बसलेल्या बाईवर गुन्हा दाखल करण्याआधी भोवतालची जमीन झाडलेली आहे का, तेवढे वाकून पाहा.

मी आता कुरखेड्याजवळ राहतो. येत्या सोमवारी सकाळी दहाला आमच्या टोल्याची आगीची बैठक आहे, शाळेमागच्या मोठ्या मोहाखाली. परिक्षेत्रातल्या नव्या वनरक्षक ताईंना मी निरोप पाठवला आहे. त्या पहिल्यांदाच या भागात आल्या आहेत, आणि येतो म्हणाल्या आहेत. आपल्या वार्ताहरांनीही यावे. राख, खडे आणि टोळीचे बी आम्ही जमवून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनपाल
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली